दोन साक्षी : वाव, प्रतिध्वनी आणि आभाळातली घड्याळे

दर्यावर्दी माणसाला शतकानुशतके दोन प्रश्नांनी छळले आहे. मी आहे कुठे, हा पहिला; आणि माझ्या नावेखाली पाणी किती, हा दुसरा. जमिनीवरच्या माणसाला हे प्रश्न सहसा पडत नाहीत. त्याला रस्ता असतो, मैलाचा दगड असतो, आणि काहीच नसले तरी विचारायला एखादा गुराखी भेटतो. समुद्रावर विचारायचे कोणाला?

आज कारवार, मालपे, वास्को किंवा मालवण येथील कोणत्याही ट्रॉलरवर गेलात, तर सुकाणूशेजारी एक लहानशी पेटी बसवलेली दिसेल. तिच्या काचेच्या एका भागावर नकाशा असतो आणि त्यावर आपल्या नावेचा ठिपका सरकत असतो. दुसऱ्या भागावर समुद्रतळाची जाड रेघ आणि मध्येच माशांच्या थव्याचे डाग उमटतात. पहिले काम जीपीएसचे, दुसरे सोनारचे. मच्छीमार त्या दुसऱ्याला 'फिश फाइंडर' म्हणतात, आणि तेच बरे. कारण मराठीत सोनार म्हटले की डोळ्यांपुढे मूस आणि फुंकणी येते! बेळगावच्या बाजारात घाट चढून येणारा बांगडा बहुधा अशाच एखाद्या पेटीने शोधलेला असतो.

पेटी एक असली तरी तिच्यातली दोन शास्त्रे एका घरची नव्हेत. एक पाण्याखालून आले, दुसरे आभाळातून. दोहोंच्या जन्मामागे बुडालेल्या जहाजांची मोठी रांग आहे. त्यांना एकाच काचेआड बसवल्यामुळे ती एकच झाली असा समज होतो, आणि तो समज धोक्याचा आहे. त्या दोघांचा इतिहास पाहिला म्हणजे हे ध्यानात येते.

हाताने मोजलेला समुद्र

दोन्ही हात पसरले असता एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत जे अंतर होते त्याला आपण 'वाव' म्हणतो. इंग्रजांच्या 'फॅदम' या शब्दाच्या मुळाशीही पसरलेले हातच आहेत, आणि पोर्तुगीजांच्या 'ब्रासा'च्या मुळाशीही हातच. भाषा तीन, माप एक. कारण दोरी ओढणारी माणसे सगळीकडे सारखीच. शिशाचा ओळंबा दोरीला बांधायचा, तो तळाला टेकला की दोरी वर ओढताना हात पसरून वाव मोजायचे, ही जगातली सर्वांत जुनी सागरी मोजणी.

ओळंबा केवळ खोली सांगत नसे. त्याच्या बुडाला खळगा करून त्यात चरबी भरत. तळाची वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा त्या चरबीला चिकटून वर येई. हेरोडोटसने ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात नोंदवून ठेवले आहे की इजिप्तचा किनारा एक दिवसाच्या अंतरावर असताना अकरा वाव पाण्यातून ओळंब्याला चिखल लागून येतो. म्हणजे खोली आणि माती मिळून 'मी कुठे आहे' याचेही उत्तर मिळत असे. पहिल्या प्रश्नाची किल्ली दुसऱ्या प्रश्नाच्या खिशात होती म्हणा ना!

आपल्या किनाऱ्याचे असेच ज्ञान 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासपुस्तिकेत आहे. पाण्यात सापांची चाहूल लागली की हिंदुस्थानचा किनारा जवळ आला असे समजावे, असे ती सांगते. भडोचच्या धोकादायक मुखाशी राजाच्या पदरचे स्थानिक कोळी मोठ्या नावा घेऊन परदेशी जहाजांना सामोरे जात आणि त्यांना वाट दाखवीत, हीही नोंद तिच्यात आहे. परक्या व्यापाऱ्याचा जीव आणि माल या कोळ्यांच्या माहितीवर अवलंबून असे.

हे तोंडी ज्ञान कागदावर उतरवण्याचा एक मोठा प्रयत्न गोव्यातूनच झाला. दों जुआंव द कास्त्रू हा पोर्तुगीज सरदार 1538 साली गोव्यात आला. 1538-39 च्या हंगामात गोव्याहून दीवला जाताना त्याने वाटेतल्या बंदरांची वर्णने, खोली आणि चित्रे यांचा एक 'रोतैरू', म्हणजे मार्गदर्शिका, तयार केला. पुढे तो गोव्यातील पोर्तुगीज सत्तेचा प्रमुख झाला आणि 1548 मध्ये गोव्यातच वारला. याच कास्त्रूने होकायंत्राची सुई वाट्टेल तशी का फिरते याचा शोध घेतला, तेव्हा जवळ ठेवलेल्या तोफेचे लोखंड तिला ओढते असे त्याच्या लक्षात आले. आज नावेवर नवे यंत्र बसवताना कारागीर सांगतो की होकायंत्राजवळ ध्वनिवर्धक किंवा लोखंडी पट्टी नको. तो कास्त्रूचाच धडा गिरवीत असतो.

तरीही जहाजे बुडतच राहिली. मुरगाव बंदराच्या मुखाबाहेर सुंची नावाचा खडक पाण्याखाली दडलेला आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी तेथे सतराव्या शतकातील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. तोफा, चिनी मातीची भांडी आणि हत्तीचे दात तळाशी पडले होते. बंदर दिसत असतानाही तळ दिसत नाही, याचा हा पुरावा.

घड्याळाचा शोध आणि प्रतिध्वनीचा

उत्तर-दक्षिण ठिकाण काढणे त्यामानाने सोपे होते. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे हे अरबी मालीम 'कमाल' नावाच्या लाकडी फळीने मोजत. फळीला गाठी मारलेली दोरी असे आणि ती दातांत धरीत. पूर्व-पश्चिम ठिकाणाने मात्र सर्वांना रडवले. 22 ऑक्टोबर 1707 रोजी ब्रिटिश आरमाराच्या चार युद्धनौका इंग्लंडजवळच्या सिली बेटांच्या खडकांवर फुटल्या आणि हजाराहून अधिक खलाशी बुडाले. आपण कुठे आहोत याचा त्यांचा अंदाज चुकला होता. 1714 साली ब्रिटिश पार्लमेंटने रेखांश काढण्याच्या उपायाला वीस हजार पौंडांपर्यंतचे बक्षीस लावले.

उत्तर निघाले ते घड्याळातून. पृथ्वी चोवीस तासांत एक फेरी करते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. घरचे वेळ-यंत्र बरोबर नेले आणि डोक्यावरच्या सूर्याशी ते ताडून पाहिले, तर दोन वेळांतला फरक म्हणजेच रेखांश. जॉन हॅरिसन या सुताराने 1759 मध्ये पुरे केलेले चौथे घड्याळ 1761 च्या जमैका सफरीत कसोटीला उतरले. आपल्या अक्षांशावर अशा घड्याळात एका सेकंदाची चूक म्हणजे समुद्रावर सुमारे साडेचारशे मीटरची चूक. ठिकाण म्हणजे मुळात वेळ, हे सूत्र येथे हाती लागले. आजचा उपग्रहही त्याच सूत्रावर चालतो.

पाण्याखालच्या प्रश्नाचे उत्तर निराळ्या दिशेने आले. 1826 मध्ये कोलादों आणि स्टुर्म यांनी जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून दूरच्या होडीतून तिचा नाद ऐकला आणि पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1435 मीटर जातो असे काढले. पण समुद्र मोजायला अजून दोरीच होती. 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने 1872 ते 1876 या काळात जगभर तळ मोजले. मार्च 1875 मध्ये प्रशांत महासागरात त्याची दोरी 4,475 फॅदम खाली गेली. अशा एकेका मोजणीला तासन्तास लागत.

एप्रिल 1912 मध्ये 'टायटॅनिक' हिमनगावर आदळून बुडाले आणि पाण्यातला अडथळा आवाजाने ओळखण्याच्या प्रयत्नांना घाई आली. जर्मनीच्या आलेक्झांडर बेमने 1913 मध्ये प्रतिध्वनीने खोली मोजण्याचे पेटंट घेतले. 1914 च्या एप्रिलमध्ये रेजिनाल्ड फेसेंडनने हिमनगावरून आलेला प्रतिध्वनी ऐकला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी धुमाकूळ घातला, तेव्हा फ्रान्सच्या पॉल लांजव्हँने गारगोटीच्या स्फटिकाला विजेने कंप देऊन माणसाच्या कानापलीकडचा ध्वनी पाण्यात सोडला. स्फटिक दाबला की वीज निघते हे क्यूरी बंधूंनी 1880 मध्येच दाखवले होते. लांजव्हँने ते समुद्रात उतरवले.

युद्ध संपले आणि तेच तंत्र तळाच्या नकाशाला आले. आपल्या अरबी समुद्रावरही त्याचा प्रयोग झाला. 1933-34 मध्ये 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजावरून जॉन मरे मोहीम निघाली. तिचे प्रमुख सेमूर सेवेल हे हिंदुस्थानच्या प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक होते. प्रतिध्वनीच्या यंत्राने त्यांना अरबी समुद्राच्या तळाशी डोंगररांगा आढळल्या. कोकण-कारवारच्या पिढ्यान् पिढ्या ज्या पाण्यावर वावरल्या, त्याच्या तळाशी पर्वत आहेत हे तेव्हा कळू लागले! पुढे 1948 मध्ये जपानच्या फुरुनो बंधूंनी हेच यंत्र मासेमारीसाठी तयार केले. माशाच्या पोटातली हवेची पिशवी ध्वनी चांगला परतवते, त्यामुळे थवा डागासारखा उमटतो.

त्या पेटीच्या पोटात

हा इतिहास ध्यानात ठेवला तर पेटी बसवणे आणि वाचणे सोपे जाते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. नावा किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हाच तळाला सोनारचा ट्रान्सड्यूसर बसवतात. तो पंख्यापासून दूर आणि जेथे पाणी फेस न होता सरळ वाहते तेथे हवा. कारण हवेचा बुडबुडा ध्वनीला भिंतीसारखा अडवतो. नाव धावू लागली की काचेवर नुसता गोंधळ दिसतो, ही तक्रार बहुधा यंत्राची नसते, जागेची असते.

समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. 75 मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी परत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. पाणी उबदार आणि खारट असेल तर ध्वनी अधिक वेगाने जातो; पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी गोडे पाणी भरले की वेग उतरतो. त्यामुळे दाखवलेल्या खोलीत शेकडा दोन-तीनचा फरक पडू शकतो. 200 किलोहर्ट्झचा ध्वनी बारीक तपशील दाखवतो पण फार खोल जात नाही. 50 किलोहर्ट्झचा खोल जातो पण चित्र जाडेभरडे देतो. शिवाय यंत्र मोजते ते ट्रान्सड्यूसरच्या तोंडापासूनचे पाणी. नावेचा कणा त्याखाली हातभर असेल तर तेवढे वजा करायचे असते. हे यंत्राला एकदा सांगून ठेवावे लागते; ते आपण होऊन ओळखत नाही.

आता आभाळाकडे. 4 ऑक्टोबर 1957 रोजी रशियाचा स्पुटनिक वर गेला. अमेरिकेतील दोन तरुण शास्त्रज्ञांनी त्याच्या रेडिओ-सुराच्या चढउतारावरून त्याची कक्षा काढली. मग उलटा विचार निघाला: उपग्रह कुठे आहे हे ठाऊक असेल तर ऐकणारा कुठे आहे हे निघेल. त्यातून 'ट्रान्झिट' ही पहिली उपग्रह-पद्धत आली आणि पुढे जीपीएस. त्याचा पहिला उपग्रह फेब्रुवारी 1978 मध्ये गेला. ही यंत्रणा अमेरिकी लष्कराची. 1 सप्टेंबर 1983 रोजी वाट चुकून रशियन हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले आणि 269 जीव गेले. त्यानंतर ती नागरिकांनाही खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. मात्र नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे आणि ठिकाण शंभर मीटरपर्यंत हुकत असे. मे 2000 मध्ये ती मिसळण बंद झाली.

सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरचे हे उपग्रह म्हणजे फिरती घड्याळेच. प्रत्येक जण आपली वेळ आणि जागा सांगत राहतो. संकेत प्रकाशाच्या वेगाने येतो, आणि त्याला किती उशीर झाला यावरून अंतर निघते. चार उपग्रह दिसले की ठिकाण पक्के. हॅरिसनच्या घड्याळाची एका सेकंदाची चूक साडेचारशे मीटर. येथे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक तीनशे मीटर! आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार ही घड्याळे जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे पळतात, तेही सुधारून घ्यावे लागते.

ठिकाण पक्के झाले तरी नकाशा कोणता, हा प्रश्न उरतोच. अक्षांश-रेखांशाची जाळी पृथ्वीच्या एखाद्या मानलेल्या आकारावर बसवलेली असते. जीपीएसची जाळी 1984 ची जागतिक. आपले जुने नकाशे 1830 च्या एव्हरेस्ट यांच्या आकारावरचे. त्यामागे 1802 मध्ये विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासेकडून सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी आहे. हिंदुस्थान मोजता मोजता लॅम्ब्टन 1823 मध्ये वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारले, आणि त्यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेले. त्यांची मोजणी चोख होती. पण दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्या तर आपल्या किनाऱ्यावर शंभर मीटरहून अधिक फरक पडतो. खडक चुकवायचा असेल तर शंभर मीटर थोडे नव्हेत. पेटीत कोणती जाळी निवडली आहे हे पाहणे म्हणूनच कारकुनी काम नव्हे.

रॉयल मॅजेस्टीची गोष्ट

ज्या 1995 साली जीपीएस पूर्णपणे सज्ज झाल्याचे जाहीर झाले, त्याच वर्षीची ही हकीकत. 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला निघाले होते. जहाजावर दीड हजारांवर माणसे. निघाल्यानंतर तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची तार जोडापासून सुटली. यंत्र बंद पडले नाही; ते उपग्रह सोडून वेग आणि दिशा यांवरून निव्वळ अंदाज करू लागले. तशी बारीक अक्षरे काचेच्या कोपऱ्यात उमटली, ती कोणी वाचली नाहीत. स्वयंचलित सुकाणू त्या अंदाजावर चालत राहिले, आणि वारा-प्रवाहाने जहाज हळूहळू बाजूला सरकत गेले.

चौतीस तास असे गेले. तेथेच लोरान नावाचे दुसरे स्थानदर्शक यंत्र चालू होते आणि खरे ठिकाण दाखवीत होते. दोहोंची गाठ कोणी घातली नाही. खोलीचे यंत्रही होते. पण कण्याखाली पाणी कमी झाले की वाजणारी त्याची घंटा शून्य मीटरवर ठेवलेली होती. म्हणजे जहाज टेकल्यावरच ती वाजणार! 10 जून 1995 च्या रात्री जहाज नॅन्टकेट बेटाजवळच्या वाळूच्या दांड्यावर चढले. ठरल्या वाटेपासून ते सतरा मैल दूर होते. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

जीपीएस खोटे बोलले असे म्हणता येत नाही. ते एकटे बोलले, एवढेच. सतरा मैलांची चूक होईपर्यंत नकाशावरची खोली आणि पाण्याची खरी खोली एकमेकींशी जुळेनाशा झाल्या असणार. हेरोडोटसच्या काळचा खलाशी ओळंबा टाकून चरबीला लागलेली वाळू पाहता, तर त्याला शंका आली असती. न्यायालयात एका साक्षीदाराच्या शब्दावर निकाल देताना न्यायाधीश दहा वेळा विचार करतो. समुद्रावर तेवढा तरी विचार हवा.

आपल्या किनाऱ्यावर

ही पेटी आता आपल्या किनाऱ्याच्या सार्वजनिक इतिहासातही आली आहे. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी 'कुबेर' ही मासेमारी नौका पळवली होती. तिच्यावर सापडलेला जीपीएस संच पुढे खटल्यात पुरावा ठरला. त्यानंतर किनाऱ्यावरच्या प्रत्येक मच्छीमाराला ओळखपत्र आणि प्रत्येक नौकेला नोंदणी यांचा काच सोसावा लागला. 2017 च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या अनेक नौका भरकटत देवगड बंदरात आसऱ्याला आल्या. भाषा कळत नसलेल्या त्या माणसांना सिंधुदुर्गाने जेवू घातले. त्यांपैकी कित्येकांना आपले अक्षांश-रेखांश ठाऊक असतील. वादळाची सूचना मात्र भर समुद्रात, मोबाइलच्या टप्प्यापलीकडे, पोहोचली नव्हती. आपण कुठे आहोत हे कळणे आणि पुढे काय येत आहे हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या देशाने स्वतःची घड्याळेही आभाळात चढवली. जुलै 2013 ते एप्रिल 2016 या काळात सात उपग्रह गेले आणि त्या यंत्रणेला 'नाविक' हे नाव मिळाले. भर समुद्रातील नौकांना वादळाची व मासळीच्या जागांची सूचना देणारे उपकरण 2019 मध्ये आले, ते मात्र 'गगन' या दुसऱ्या भारतीय उपग्रह-यंत्रणेद्वारे. हैदराबादची महासागर माहिती सेवा संस्था या सूचना किनाऱ्यावरच्या भाषांतून देते. पण 'नाविक'च्या पहिल्याच उपग्रहावरची तिन्ही आणवीय घड्याळे बंद पडली, इतरांनाही ती व्याधी जडली. 2023 मध्ये नव्या पिढीचा उपग्रह गेला, तर जानेवारी 2025 मधला ठरल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. हॅरिसनला एक घड्याळ साधायला उभा जन्म लागला होता, हे आठवले की या अपयशाचे नवल वाटत नाही. चिकाटी मात्र तशीच हवी.

आपण दोन भाषांच्या मुलुखात राहणारी माणसे. एकच बातमी दोन वर्तमानपत्रांत वाचायची आणि मग खरे काय ते ठरवायचे, ही सवय आपल्या घरांत मुरलेली आहे. समुद्रावरच्या पेटीलाही नेमकी हीच सवय लागते. नारळी पौर्णिमा झाली, नारळ वाहिला, की नवी यंत्रे घेऊन नावा पाण्यात उतरतात. तेव्हा जाणता तांडेल नव्या पोराला काच दाखवताना तीन गोष्टी सांगेल: अँटेनाची तार रोज हाताने तपास, खोलीची घंटा कण्याच्या खाली किती पाण्यावर वाजेल ते आधी ठरव, आणि नकाशावरची खोली व तळाची रेघ जुळत नसेल तर इंजिन आधी मंद कर, कारण नंतर शोध. हे तिन्ही धडे कोणी ना कोणी जहाज गमावून शिकलेले आहेत. आपल्या पोरांना ते फुकट मिळत आहेत, तर ते घ्यावेत.